उजवा अंगठा, केंद्र क्रमांक सत्तेचाळीस

सोनटेकडी नगरपंचायतीच्या निवडणुकीत प्रमिलाबाई दहातोंडे यांचा उजवा अंगठा मतदान केंद्र क्रमांक सत्तेचाळीस म्हणून जाहीर झाला. आदेश सोमवारी सकाळी दहाला घरी आला. त्या वेळी बाई त्याच अंगठ्याने कणीक मळत होत्या. आदेश घेऊन आलेले केंद्राध्यक्ष खरमाटे दारातच थांबले आणि म्हणाले, "आधी हात धुऊन घ्या बाई. केंद्र स्वच्छ लागतं."

बाईंनी हात धुतले. खरमाट्यांनी अंगठा दोन्ही बाजूंनी पाहिला, फूटपट्टीने मोजला आणि तक्त्यात लिहून घेतला. पिण्याच्या पाण्याची सोय आणि अपंगांसाठी उतार या रकान्यांपाशी ते जरा घुटमळले, मग दोन्हींपुढे 'घरमालक करतील' असं लिहून मोकळे झाले. पोच म्हणून सही हवी होती, ती डाव्या हाताने घेतली. केंद्रानेच केंद्राचा ताबा देणं नियमात बसत नव्हतं.

यात चूक कोणाची, तर कोणाचीच नाही. चांगुलपणाची असेल तर असेल. या वर्षी पहिल्यांदाच मतदान मोबाईलवरून, घरबसल्या होणार होतं. एकाच्या नावावर दुसऱ्याने मत देऊ नये म्हणून निवडणूक कार्यालयाने अशी चोख व्यवस्था केली होती की एकदा फोनने एखादा अंगठा ओळखला, की तो बदलणं कोणालाही शक्य नव्हतं. मतदाराला नाही, कार्यालयाला नाही, ज्या माणसाने ते अ‍ॅप तयार केलं त्यालाही नाही. तिजोरी एवढी भक्कम केली होती की तिला किल्लीच ठेवली नव्हती.

फेब्रुवारीत शाळेच्या व्हरांड्यात नोंदणी शिबिर झालं. प्रभाग चार म्हणजे विडी कामगारांची गल्ली. तिथल्या बायकांच्या बोटांवर रेषा नाहीत. चाळीस-चाळीस वर्षं तेंदूची पानं वळून त्या पुसल्या गेल्या आहेत. रेशन दुकानात त्यांचा अंगठा लागत नाही, पेन्शनला लागत नाही, तसा तो फोनलाही लागला नाही. सत्तर वर्षांच्या नरसव्वाने अकरा वेळा अंगठा दाबला आणि अकरा वेळा फोन म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.

शेजारच्या खुर्चीवर प्रमिलाबाई बसल्या होत्या. एकतीस वर्षं त्यांनी या गल्लीतली पोरं शिकवली आणि तेवढीच वर्षं गल्लीतल्या प्रत्येक कागदावर साक्षीदार म्हणून सही केली. रेशन कार्ड असो, गॅस असो, कोणाचं नाव चुकलेलं असो, कागद अडला की खाली बाईंची सही व्हायची आणि कागद सुटायचा. तसाच त्यांनी नरसव्वाच्या फोनवर साक्षीदार म्हणून आपला अंगठा टेकवला. हिरवी खूण आली. रांग पुढे सरकली. दोन दिवसांत बाई तीनशे बारा बायकांना साक्षीदार राहिल्या, आणि टेबलामागच्या कारकुनालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्याही जातीच्या दाखल्यावर साक्षीदार बाईच होत्या.

छाननीत कळलं की तीनशे बारा फोन आपल्या मालकिणीला प्रमिलाबाई समजतात. नोंद पुसता येत नव्हती आणि एवढ्या बायकांचं मत बुडवताही येत नव्हतं. शेवटी कार्यालयाच्या वकिलांनी मत दिलं, की ज्या ठिकाणी तीनशे बारा मतदार मत द्यायला जमतात त्या ठिकाणाला कायद्यात मतदान केंद्रच म्हणतात.

"आणि माझं मत?" बाईंनी विचारलं.

"तुमचं आहेच की. तीनशे तेरावं," खरमाटे म्हणाले. "केंद्रावरची माणसं सगळ्यात शेवटी मत देतात. तुम्हाला माहितीच आहे, तुम्ही ड्युट्या केल्यात."

बाईंनी अकरा ड्युट्या केल्या होत्या. त्यातल्या सात वेळा स्वतःचं मत बुडालं होतं. मागच्या निवडणुकीत त्या दुसऱ्या तालुक्यात ड्युटीवर होत्या, टपाली मताचा कागद वेळेवर आला नाही, आणि इकडे त्यांची विद्यार्थिनी नागमणी चिलवेरी एका मताने पडली. नागमणी एका शब्दाने बोलली नव्हती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी चहाला आली, कपबशा विसळून गेली. ते बाईंच्या काळजात रुतून बसलं होतं. आता बाई निवृत्त होत्या, नागमणी पुन्हा उभी होती, गल्लीत दवाखाना आणीन म्हणत होती, आणि बाईंनी मनाशी ठरवलं होतं, की या वेळी जग इकडचं तिकडे झालं तरी आपलं मत पडलंच पाहिजे.

मतदानाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत बाईंना सुखाचा घास लागला नाही. अंगठ्याला चीर पडली, पोळलं, सालटं निघालं तर केंद्र नादुरुस्त समजून प्रभागाचं मतदान रद्द होणार होतं, तसं आदेशातच होतं. बाईंनी विळी उचलून माळ्यावर टाकली. स्वयंपाक त्यांचे यजमान दत्तोपंत करू लागले, म्हणजे दोन्ही वेळा पिठलं होऊ लागलं. कुकरची शिट्टी झाली की बाई हात पाठीमागे घेत. दारं लावायची नाहीत, असं त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं.

"अगं, इतकी वर्षं तो अंगठा तुझ्यापाशी आहे, काही झालंय का त्याला?" दत्तोपंत म्हणाले.

"तेव्हा तो माझा होता हो," बाई म्हणाल्या.

बंदोबस्ताला लता पगारे नावाची पोलीस शिपाई आली. ती दिवसभर अंगठ्यापासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसे आणि दर तासाला वहीत 'केंद्र सुस्थितीत' असं लिही. केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराला बंदी असल्याने गल्लीच्या दोन्ही टोकांना फक्कीची रेघ मारली होती. पण बाई भाजीला निघाल्या की शंभर मीटरही त्यांच्याबरोबर निघत. पुढे दोन कर्मचारी धावत जाऊन पोस्टरांवर वर्तमानपत्रं चिकटवत, मागे दोघे ती सोडवत येत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडून सांगितलं, "बाई, भाजी आम्ही आणून देतो, तुम्ही हलू नका."

सगळ्यात वाईट झालं ते नागमणीचं. तिचं घर बाईंच्या घरापासून तिसरं. उमेदवाराने केंद्राच्या इतकं जवळ राहणं आचारसंहितेत बसेना, म्हणून ती बोचकं बांधून मावशीकडे राहायला गेली. संध्याकाळी ती फक्कीच्या रेघेपलीकडे येऊन उभी राही. बाई ओट्यावर येत. लता पगारे दोघींच्या मधे उभी राही.

"बाई, जेवलात का?" नागमणी लांबून विचारी.

"जेवले. तू?"

"व्हय. अंगठा बरा हाय ना?"

यावर उत्तर द्यायला बाईंना परवानगी नव्हती. केंद्राच्या स्थितीची माहिती एकाच उमेदवाराला देता येत नाही.

दुसरे उमेदवार रमेशशेठ कानडे. त्यांनी पाचव्या दिवशी निवृत्त शिक्षकांचा सत्कार काढला. सत्कार घरोघर होता, राजकारणाचा त्यात संबंध नव्हता, आणि यादीत नाव एकट्या प्रमिलाबाईंचं होतं. शेठ शाल, नारळ घेऊन ओट्यावर चढले, शाल पांघरली आणि नारळ देता देता बाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "बाई, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर," असं म्हणत त्यांनी तो सोडलाच नाही. लता पगारेने शिट्टी वाजवली. पंचनाम्यात केंद्र बळकावण्याचा प्रयत्न, कालावधी चाळीस सेकंद, अशी नोंद झाली. शेठनी लेखी खुलासा दिला, की आपण वडीलधाऱ्यांचा हात नेहमीच तितका वेळ धरतो.

त्या दिवसापासून बाईंना स्वतःच्या हाताचीच भीती वाटू लागली. झोपेत अंगाखाली आला तर? खाजवताना नख लागलं तर? शिवाय आणखी एक भुंगा डोक्यात शिरला होता. त्या खरमाट्यांना म्हणाल्या, "साहेब, बायका माझा अंगठा धरून फोनवर दाबणार. वर दाबला की कानडे, खाली दाबला की नागमणी. डोळे बांधले तरी मला कळेलच की."

खरमाट्यांनी पेन खाली ठेवलं. मताची गुप्तता हा सगळ्या निवडणुकीचा पाया, आणि इथे केंद्रालाच सगळं कळणार होतं. त्यांनी वर फोन लावला, वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना लावला. सायंकाळी लेखी उत्तर आलं, की मतदानाच्या दिवशी केंद्राला काहीही कळू नये अशी वैद्यकीय व्यवस्था करावी.

मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता दाताचे डॉक्टर आले आणि त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी भूल दिली. खरमाट्यांनी टाचणी टोचून पाहिली आणि 'केंद्र बधिर' असं लिहून दोन्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. बाईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. हात पुठ्ठ्याच्या आडोशात ठेवला. घरबसल्या मत देणाऱ्या तीनशे बारा बायका आपापला फोन घेऊन साडेसातपासून ओट्यापाशी रांगेत उभ्या होत्या.

पहिली नरसव्वा आली. तिने आपल्या गुळगुळीत बोटांत बाईंचा अंगठा धरला. बाईंना काहीच कळलं नाही, फक्त तंबाखूचा वास आला. फोन वाजला. मत पडलं.

"आता शाई," खरमाटे म्हणाले.

नरसव्वाने डावा हात पुढे केला. खरमाटे नियमपुस्तक उघडून बसले होते. त्यात स्पष्ट होतं, की ज्या व्यक्तीचा अंगठा घेतला त्याच व्यक्तीच्या डाव्या तर्जनीवर शाई लावावी. त्यांनी बाईंची डावी तर्जनी धरली आणि शाईची रेघ ओढली.

"मला न्हाय का?" नरसव्वा म्हणाली. "साठ वर्सं हाताला तंबाखू लागली. आज शाई लागंल म्हून सकाळी हात घासून आले."

"अंगठा तुमचा नाही ना, आजी."

"मत तर माझं हाय."

"ते आहेच. मत नोंदवलं गेलंय."

नरसव्वा आपलं कोरं बोट बघत पायऱ्या उतरली.

दुसऱ्या बाईच्या वेळी तर्जनीवर रेघ होती, म्हणून मधल्या बोटावर ओढली. बोटं संपल्यावर काय, तेही पुस्तकात होतं, हाताच्या उरलेल्या भागावर. उजव्या हाताचा प्रश्नच नव्हता, कारण केंद्राच्या इमारतीवर रंगरंगोटीला बंदी. नऊ वाजता शाई मनगटापर्यंत आली, साडेअकराला कोपरापर्यंत. जेवणाला सुटी नव्हती. दत्तोपंतांनी पिठलं-भाताचे घास भरवले. बाईंच्या पाठीला रग लागली, पट्टीखाली डोळे चुरचुरू लागले, पण त्या हलल्या नाहीत. मनात एकच हिशेब चालू होता, तो रांगेतल्या बायका मोजण्याचा. तीनशे नऊ, तीनशे दहा. शेवटची बाई पाच वाजून दहा मिनिटांनी आली. तोवर शाई खांद्याला टेकली होती.

पट्टी सोडली. बाईंनी स्वतःचा फोन मांडीवर घेतला.

"आता माझं," त्या म्हणाल्या.

"हो, या ना," खरमाटे म्हणाले. "डावा हात दाखवा."

ही सवयीची गोष्ट होती. मत द्यायला आलेल्याचा डावा हात बघायचा, शाई नाही ना याची खात्री करायची, मग सोडायचं. बाईंनीही अकरा ड्युट्यांमध्ये हजारो हात असेच पाहिले होते. त्यांनी हात पुढे केला.

"शाई आहे," खरमाटे हळू आवाजात म्हणाले.

"तुम्हीच लावलीत."

"हो."

"ती माझी नाही. एकसुद्धा रेघ माझी नाही."

"मला माहीत आहे बाई. मी इथेच होतो." त्यांनी पुस्तक उघडलं, तीन पानं पुढे गेले, दोन मागे आले. "पण शाई असलेल्याला मत देता येत नाही. आणि शाई कोणाची हे शाईवरून कळत नाही."

"वर विचारा."

त्यांनी वर विचारलं. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. साडेपाचला वेळ संपली. पाच चौतीसला उत्तर आलं, की असा नियम बाईंसारख्यांच्याच सुरक्षिततेसाठी केला आहे. खरमाट्यांनी अहवालात एकूण मतदार तीनशे तेरा, झालेलं मतदान तीनशे बारा असं लिहिलं. शेरा या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'एक मत पूर्णपणे सुरक्षित राहिले.' मग उठून बाईंना वाकून नमस्कार केला आणि अंगठा परत केल्याची पोच घेतली.

लता पगारेने फक्कीची रेघ पायाने पुसली. पुसता पुसताच नागमणी तिच्या बाजूने धावत आत आली. आठ दिवसांनी ती बाईंच्या ओट्यावर चढली होती. श्वास खाली-वर होत होता.

"बाई, मत दिलंत ना? या खेपेला दिलंत ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मागच्या वेळच्या विसळलेल्या कपबशा त्यांना आठवल्या. मग त्यांनी डाव्या हातावरचा पदर बाजूला सारला आणि बोटांपासून खांद्यापर्यंत काळा झालेला हात तिच्यासमोर धरला.

"बघ की," त्या म्हणाल्या.

नागमणीने शाई पाहिली आणि तिचा जीव भांड्यात पडला. ती चहा टाकायला आत गेली. बाईंनी हात पुन्हा पदराखाली घेतला.