सहा मरतुकडे सेल

गुरुग्रामला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी पोहोचून गुलाबरावांनी अजून चपलाही काढल्या नव्हत्या, तोच त्यांचे कान टवकारले. आतल्या खोलीत कुणीतरी खोल विहिरीत बसून गावं तसं गात होतं.

"हे काय लावलंय?"

"हळू बोला बाबा, रसिका झोपलीय," क्षिप्रा कुजबुजली. "तिची अंगाई."

"अंगाई कसली? मशीन कण्हतंय ते! बेल्ट सैल पडलाय, टेप हळू फिरतेय."

गुलाबरावांनी कराडला चौतीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान चालवलं होतं. क्षिप्राच्या सासूबाईंनी, म्हणजे शेवंताबाईंनी, त्यांना जेमतेम सोफ्यापर्यंत ढकलत नेलं, नाहीतर त्यांनी पाणी प्यायच्या आधीच स्क्रू ड्रायव्हर मागितला असता.

तो थ्री-इन-वन त्यांच्याच घरचा. सीडी, रेडिओ, कॅसेट, सगळं एका पेटीत, वर उचलायला दांडी. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलाने, ऋग्वेदने, तो शोभेचा म्हणून इकडे आणला आणि मनी प्लांटशेजारी मांडला. आत एक कॅसेट होती, लेबलवर शाईने लिहिलेलं, 'अंगाई. गुलाबराव रेडिओज, कराड.' सहज लावून पाहिली, तर आठ महिन्यांची रसिका, जी तोवर कशालाच बधत नव्हती, चार मिनिटांत गाढ झोपली. तेव्हापासून दुपारी अडीचला ती अंगाई आणि ती झोप, दोन्ही ठरलेली. क्षिप्राने ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "माझे सासरे काय गातात, यार! असा भारदस्त आवाज!"

प्रत्यक्ष सासऱ्यांना मात्र तिने हे कधी सांगितलं नव्हतं. ते इतकं कमी बोलत, की त्यांच्याशी गाण्याबद्दल बोलायचं कसं, हेच तिला कळत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं गेलं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं क्षिप्राचं पहिलं मोठं प्रेझेंटेशन त्याच दुपारी तीनला होतं. तरी ती लॅपटॉप सोडून बघत उभी राहिली. गुलाबराव एकेक स्क्रू काढून कागदावर ठेवत होते, पेटीत जो जिथे होता अगदी तिथेच, जणू पेटीचा नकाशाच. कानकोरणीच्या काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून त्यांनी हेड पुसलं. कापूस तपकिरी झाला.

"बघ, सूनबाई. ही सगळी जुनी गाणी हेडला चिकटलेली."

रबरी चाक पुसलं. सीडीचं भिंग फुंकरीने साफ केलं. "सीडी पुसायची ती मधून कडेला. गोल फिरवून पुसलीस तर चरा गाण्याबरोबर पळतो." रेडिओची खरखरसुद्धा त्यांनी घालवली. मागचे सहा मोठे सेल बाहेर काढले. "वापरत नसाल तर आत ठेवायचे नाहीत. पाणी सुटतं, पत्रा खातं." ते सेल ऋग्वेदने तळघरात ई-कचऱ्याच्या डब्यात टाकून दिले. पिशवीतून नवा बेल्ट निघाला, अगदी मापाचा. जुना बेल्ट त्यांनी कात्रीने तोडला, पुन्हा कुणी लावू नये म्हणून. क्षिप्राला वाटलं, आपल्या टीममध्ये असा एक माणूस असता तर!

"लाव आता."

बटण दाबलं आणि खोलीत एक तरुण बाई गाऊ लागली. लख्ख, गोड, पाण्यासारखी. "नीज रे राजा, दूध उतू चाललं..."

शेवंताबाईंच्या हातातली भाजी तशीच राहिली. "अगं बाई! हा तर माझा आवाज!"

"तुमचा?" क्षिप्रा म्हणाली. "बाबांचा नाही?"

"माझा?" गुलाबराव म्हणाले. "मी गायलो असतो तर ऋग्वेद अजून जागा असता."

शेवंताबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रात्रपाळीला जाताना तान्ह्या ऋग्वेदसाठी त्यांनी ती कॅसेट भरून ठेवली होती. लेबलवर दुकानाचं नाव होतं, गाणाऱ्याचं नव्हतं. सगळे हसले, शेवंताबाईंनी डोळे पुसले, आणि अडीच वाजले.

रसिकाने तो आवाज ऐकला, डोळे मोठे केले, ही कोण बाई म्हणून चहूकडे पाहिलं आणि टाहो फोडला.

"माझ्याच नातीला माझा आवाज नको!" शेवंताबाई फणकारल्या.

"तसं नाही हो आई, तिला जरा जाड आवाजाची सवय आहे."

"जाड? मग ट्रक आणा दारात!"

झोप झाली नाही की रसिका फक्त आईच्या मांडीवर बसायची आणि लॅपटॉपचं झाकण आपटायची. क्षिप्राने हात जोडले. "बाबा, थोडं बिघडवून द्या ना."

डॉक्टरला रोग्याचा ताप परत आणायला सांगावं, तसे गुलाबराव बघत राहिले. जुना बेल्ट तर तोडलेला. ऋग्वेदने रेडिओ लावला, खरखर तरी मिळेल म्हणून, पण आता बातम्या स्वच्छ येत होत्या. सीडी लावली, तर रसिका रडता रडता टाळ्या वाजवू लागली.

दोन चाळीस. रुसलेल्या शेवंताबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "दुकानात सेल उतरले की टेप कसा रेकायचा, आठवतंय का?"

गुलाबरावांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे. "पळ! टाकलेले सेल आण!"

ऋग्वेद लिफ्टची वाट न बघता अकरा मजले उतरला आणि ई-कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा राहिला. गार्ड धावत आला.

"सर, क्या ढूँढ रहे हैं?"

"भैया, बड़े वाले सेल. पुराने."

"नए ले लीजिए न, मेरी टॉर्च में हैं."

"नहीं, नए नहीं चलेंगे. मरे हुए चाहिए. मतलब, पूरे मरे हुए नहीं. मरने वाले."

गार्डने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेली आणि मग विचार बदलून स्वतःच दोन शोधून दिले.

दोन त्रेपन्नला टेबलावर अकरा सेल होते. गुलाबरावांनी आयुष्यभर चांगले सेल निवडले होते. आज पहिल्यांदाच ते वाईट निवडत होते, आणि तेही त्याच निष्ठेने. एकेक सेल छोट्या बल्बला लावून बघत, "हा फार जोरात आहे. हा गेलाच. हा... हा छान मरतुकडा आहे."

सहा मरतुकडे आत बसले. वायर काढली. बटण दाबलं. शेवंताबाईंचा आवाज हळूहळू उतरत विहिरीच्या तळाला गेला. रसिकाची मान कलली. दोन एकोणसाठला क्षिप्राने लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीत शिरून दार लावलं.

पन्नास मिनिटं दाराबाहेरून एक हुंकार आला नाही. क्लायंटने दोनदा 'एक्सलंट' म्हटलं. कॉल संपताच क्षिप्रा धावत रसिकाच्या पाळण्याकडे आली.

टेपची चाकं थांबलेली होती. सेल केव्हाच संपले होते. पण तो जाड आवाज मात्र चालूच होता. गुलाबराव पाळण्याशेजारी जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून गात होते. त्यांना एकच ओळ येत होती, तीच पुन्हा पुन्हा, "नीज रे राजा, दूध उतू चाललं..." सूर कुठल्याही मशीनवर दुरुस्त होण्यापलीकडचा होता. खुर्चीवर शेवंताबाई मागे रेलून बसल्या होत्या, गुडघ्यावर बोटाने हळूच ताल धरून.

क्षिप्रा वाकून कुजबुजली, "बाबा, झोपली ती. आता थांबलात तरी चालेल."

शेवंताबाईंनी डोळे न उघडता हात वर केला.

"ती कधीचीच झोपली गं. त्यांना थांबवू नकोस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा गातायत. मी ऐकतेय."