कमळाकरचा फोन बोलू लागतो

डोळखांबच्या शाळेत दिव्यांगांची नावं भरायचं शिबिर होतं. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं. साडेचारपर्यंत कमळाकर कारकुनाच्या फोनवरून सहाच नावं गेली होती. चौघं अजून बाकावर होती. त्यांत रुपा होती. तिला दिसत नव्हतं. आज नाव गेलं तरच तिला शहापूरच्या कॉम्प्युटर वर्गात जागा मिळणार होती.

"माजं मी भरते ना, सायेब."

"तुला दिसत नाय, गो. गप बस."

असं म्हणताना त्याने फोन असा आवळला की आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. फोनने काहीतरी विचारलं. कमळाकर असलं कधी वाचत नसे. त्याने 'ठीक आहे' दाबलं.

फोन बोलू लागला. न दिसणाऱ्यांना पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज सुरू झाला होता. "पुढे जा. बटण. उघडण्यासाठी दोनदा टॅप करा."

कमळाकरने एकदाच दाबलं, पण जोरात. फोनने पुन्हा तेच सांगितलं. त्याने कव्हर काढलं, फुंकर मारली.

"सायेब, तो काय सांगतोय ते ऐका की," कुबडी घेऊन बसलेला सावळाराम म्हणाला.

"मला फोन शिकवू नको!"

तेवढ्यात फोन खणखणीत आवाजात म्हणाला, "भावनाचा मेसेज. आईंना देवळात धाडलंय. कोंबडी मागच्या दारानं आणा."

भावना म्हणजे कमळाकरची बायको. दुपारीच त्याने श्रावणी सोमवारचा उपास सांगून सावळारामचा वडा नाकारला होता.

"उपासाची कोंबडी असंल," सावळाराम म्हणाला. अख्खा बाक हसला.

कमळाकरने फोन टॉवेलात गुंडाळला. टॉवेल म्हणाला, "भावनाचा मेसेज. लिंबू पण आणा."

"आना हिकडं," रुपाने हात पुढे केला.

पाचला वीस मिनिटं होती. त्याने फोन दिला.

तिने आधी बोलण्याचा वेग वाढवला. आता फोन काय बडबडतो ते तिच्याशिवाय कुणालाच कळेना. बोटं भराभर चालली. एकदाच ती अडली.

"हितं नुसतं बटन म्हनतोय. फॉर्म बनवनारे शाने बटनाला नाव द्यायला इसरले!" तिने दाबून पाहिलं आणि पुढे गेली.

तिघांची नावं गेली. मग तिचं.

"शेवटचा सवाल," रुपा म्हणाली. "अर्जदाराला मदत लागली का?"

"होय लाव. मी होतो ना."

"नाय लावते." बोट खाली सरकलं. "कर्मचाऱ्याला लागली का? हे भरल्याबिगर जात नाय, सायेब. दोन मिनटं हायेत."

कमळाकरने बाकाकडे पाहिलं. सगळे टक लावून बसले होते.

"होय लाव," तो पुटपुटला.

तिने दोनदा टॅप केलं. फोन भरकन काहीतरी बोलला.

"काय म्हनला, गो?" कमळाकरने विचारलं.

"गेलं म्हनला."