उणे चिन्हाचा जाहीर सत्कार

जे आपल्याला कळत नाही, त्याचा ताबडतोब सत्कार करावा, हे सुसंस्कृत समाजाचं लक्षण आहे. या बाबतीत नेरूळची आमची सोसायटी फारच सुसंस्कृत आहे.

बी विंगच्या जयप्रकाशरावांची क्षिप्रा कणभौतिकीत पीएच.डी. करते. दोन कण आदळले की पुढे काय, हे काढायला तिला एक अवाढव्य कंटूर इंटिग्रल, म्हणजे ठरावीक वाटेनं फिरत करायची बेरीज, सोडवायचं होतं. कॉम्प्युटरनं त्यापुढे हात टेकले होते. सूत्र कागदावरच काढावं लागणार होतं. या गणितात वाटेत एक बिंदू येतो, तिथं सगळं अनंत होतं. त्याच्यावरून जायचं नाही, त्याला वळसा घालायचा. (ही पद्धत सोसायटीच्या समितीला लगेच पटली. ड्रेनेजच्या बाबतीत आम्ही तीच वापरतो.) क्षिप्रानं ऐन उमेदीची वर्षं घालवून सूत्र काढलं. तज्ज्ञांनी ‘उत्कृष्ट’ असा शेरा दिला, पेपर छापून आला आणि अध्यक्ष हौसेरावांनी शाल आणली.

सत्काराच्या दिवशी दुपारी क्षिप्राला चूक सापडली. वळसा घड्याळाच्या दिशेनं घातला की उत्तराला उणे चिन्ह लागतं. ते राहून गेलं होतं. परिणामी एक घटना घडण्याची शक्यता शून्याहूनही कमी निघत होती. (आमच्याकडे पाहुण्यांना पार्किंग मिळण्याची शक्यता साधारण एवढीच.)

“बाबा, कार्यक्रम रद्द करा. सूत्र चुकलंय.”

“अगं, समोसे आलेत!”

“माझ्या नावावर चुकीचं छापलंय, बाबा.”

“इथं कोणाला कळणारे? टेन्शन नको घेऊस.”

क्लबहाऊसमध्ये माईक हाती येताच ती म्हणाली, “माझं उत्तर चुकलंय. मी पेपर मागे घेतेय.” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“बघा, एवढी शिकली, पण गर्व नाही!” हौसेराव गहिवरले.

तिनं तेच पुन्हा, जरा ओरडून सांगितलं. या वेळी लोक उभे राहिले. शाल पांघरूनच ती घरी गेली, दार लावून रडली आणि पेपर मागे घेतला.

पुढे पुष्कळ महिने खपून तिनं सगळं पहिल्यापासून तपासलं. सूत्र बरोबर आलं. आनंदानं ते सांगायला ती हौसेरावांकडे गेली.

“पण सत्कार झालाय ना?” ते म्हणाले. “एका सूत्राला एकच शाल. उगाच पायंडा पडतो.”

क्षिप्रा खो खो हसली. हौसेरावांना तो उद्धटपणा वाटला.

आता वाचकांविषयी. वळशाच्या दिशेबद्दल मी वर जे लिहिलं ते खरं की उलटं, हे आपण तपासलं नाहीत. नुसती मान डोलावलीत. आमच्या ए विंगमध्ये एक फ्लॅट रिकामा आहे.