बॅसिलिकेतली ओटी

आमच्या बंगळूरच्या घरमालकीणबाईंसमोर ‘चर्च’ हा शब्द काढायचा नाही. मी काढला, आणि तोही राहायला आले त्याच दिवशी. सामानाच्या टेम्पोवाल्याला फोनवर पत्ता सांगत होते, “शिवाजीनगरचं ते मोठं चर्च आहे ना, त्याच्या मागची गल्ली.” लगेच जिन्यातून आवाज आला, “चर्च नव्हे! बॅसिलिका!”

मग माझी गादी रस्त्यावर पडलेली असताना मला जिन्यात उभं करून फरक समजावण्यात आला. “हे बघ, चर्च म्हणजे साधं देऊळ. कॅथीड्रल म्हणजे बिशपची गादी असते ते. आणि बॅसिलिका म्हणजे थेट पोपनं मान दिलेली. इमारत तीच, पण मान मोठा. कळलं काय?” मी म्हटलं, कळलं. “सरी, ठीक. मग म्हण बघू, बॅसिलिका.” मी म्हटलं. काय करता! डिपॉझिट देऊन बसले होते.

सुशीलाअक्का मूळच्या बेळगावच्या. लग्न होऊन बंगळूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. यजमान जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, घरात एकट्या. पहाटे उठून तुळशीला पाणी, संकष्टीचा कडक उपास, दारात रोज रांगोळी. असल्या बाईनं बॅसिलिकांचा ध्यास का घ्यावा, हे मला कळेना. देशातली एक बॅसिलिका त्यांनी सोडलेली नाही. गेल्या नाहीत कुठंच, पण माहिती सगळ्यांची. मेरठजवळ सरधन्याला एका बेगमेनं बांधलेली आहे, मद्रासची एका संताच्या थडग्यावर उभी आहे, प्रत्येक बॅसिलिकेत लाल-पिवळ्या पट्ट्यांची अर्धी उघडी छत्री ठेवतात. आणि हे सगळं मला ऑफिसला उशीर होत असतानाच सांगायचं. “स्वल्प थांब” म्हणाल्या की माझी अर्ध्या तासाची निश्चिंती.

एकदा मी मैत्रिणींबरोबर गोव्याला जाऊन आले. अक्का दारातच उभ्या. “जांभा कसा आहे?”

“कुठला जांभा?”

“अगं, बॉम जीझस बॅसिलिकेच्या भिंतींचा! कुणा शहाण्यानं वरचं प्लास्टर खरवडून काढलं, आता पावसानं दगड झिजालाय म्हणतात. बघितलास नव्हे?”

मी म्हटलं, आम्ही समुद्रावरच होतो. अक्कांनी कपाळाला हात लावला. “समुद्र काय, कुठंही असतोय की!” पुढचा आठवडाभर माझ्याशी अबोला. मला तर तो आठवडा सुखाचा गेला.

पण कहर केला तो मला बघायला आलेल्या मुलाच्या वेळी. पुण्याहून आई-बाबा आले होते, मुलगा सिव्हिल इंजिनिअर. पोहे खाऊन होतायत तोवर अक्का वर आल्या आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. “काय हो, गोल कमान आणि टोकदार कमान, भार जास्त सरळ खाली कोण सोडते?” तो बिचारा फ्लायओव्हर बांधणारा. घाम पुसत काहीतरी पुटपुटला. त्या स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही. माझी आई धुमसत होती आणि अक्का म्हणतात, “बरं झालं. भार कुठं जातो ते ज्याला कळत नाही, तो संसार काय करणार?” त्या दिवशी मी खरंच दुसरं घर बघायला लागले होते.

अशातच सप्टेंबर आला. इथल्या बॅसिलिकेतली मेरीमाता साडी नेसते, आणि सप्टेंबरात तिची जत्रा भरते. लोक साड्या वाहतात. अक्कांनी एकच धोशा लावला: जत्रेच्या दिवसांत आपली इरकल मातेच्या अंगावर दिसलीच पाहिजे. त्यासाठी मला रजा काढायला लावली. कन्नड त्यांना माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं येतं, तरी मी बरोबर हवीच. का, तर “एकटीचे पाय उचलत नाहीत.” यांचे पाय! दिवसभर जिना चढून माझं डोकं खायला बरे उचलतात.

तिथल्या ऑफिसात गेल्यावर अक्कांनी पिशवी उघडली. गर्द हिरवी इरकल निघाली. पाठोपाठ खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अक्का, अहो, इथं ओटी कसली भरताय? हे ख्रिश्चन लोक!”

“बाई आहे नव्हे ती? आई आहे. साडी नेसते. मग ओटी नको?”

टेबलामागचे म्हातारे गृहस्थ भले. त्यांनी नारळाकडे बघितलं, तांदळाकडे बघितलं आणि सगळंच हसून घेतलं. साडीची पाळी आली की नेसवू म्हणाले. मग कन्नडमध्ये त्यांनी विचारलं, “अम्मा, प्रार्थना कुणाच्या नावानं करायची?”

अक्कांनी टेबलावरच्या इरकलीची घडी पुन्हा सारखी केली. काठावरून हात फिरवत म्हणाल्या, “विद्या.”

“कोण विद्या?” मी बाहेर आल्या आल्या विचारलं.

“माझी लेक.” अक्का पायरीवर बसल्या. “हिथंच लग्न झालं तिचं. मुलगा मंगळूरचा, ख्रिश्चन. आमचे हे म्हणाले, गेलीस तर परत घरात यायचं नाही. मी पिशवीत ही साडी घेऊन त्या पलीकडच्या बसस्टँडवर उभी राहिले. ओटी भरावी म्हणून. पण पाय पुढं उचललाच नाही बघ. तिथून लेक काय दिसणार? मनोरा दिसत होता. कमानी दिसत होत्या. त्याच बघत राहिले.”

मीही त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. “आता कुठं असते ती?”

“व्हाइटफील्डला. दरवर्षी जत्रेला येते म्हणे. साडी दिसली तर ओळखेल. काठ तिनंच पसंत केला होता.”

“व्हाइटफील्ड!” मी ओरडलेच. “अहो, मी रोज जाते तिथं ऑफिसला! साडीवरून कसले निरोप धाडताय? सरळ फोन करा की!”

“काय बोलू फोनवर? कुठल्या तोंडानं बोलू?”

“नंबर आहे का?”

अक्कांनी नंबर घडाघडा म्हटला. मी माझ्या फोनवरून लावला, रस्त्यावरच्या गोंगाटात त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला आणि त्यांच्या हातात कोंबला.

“हॅलो, कोण?”

“मी... आई बोलतेय.”

अक्का घाबरल्या आणि त्यांनी एकदम सुरुवात केली, “मी बॅसिलिकेत आलेय. इथल्या कमानी आहेत नव्हे, त्या टोकदार आहेत, त्याचं काय आहे, भिंतीवरचा भार...” मला वाटलं, आता हा फोन हिसकावून घ्यावा. काय बाई आहे ही!

“आई,” पलीकडचा आवाज भरून आलेला होता. “जेवलीस का?”

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला.

“अजून नाही गं,” त्या म्हणाल्या. “तू?”