आधी लिहिलेला फ्रान्स

राजाभाऊंचा फ्रान्सवरचा लेख छापून आला, तेव्हा त्यांनी फ्रान्स पाहिलेला नव्हता.

तसा तो पाहायचा जुलैमध्येच ठरला होता. मुलाकडे, सुमितकडे, जर्मनीत ब्योब्लिंगेनला तीन महिने राहायचं आणि त्यातले चार दिवस पॅरिसला द्यायचे, असा सांगलीहून निघतानाचा बेत होता. मग नातीला, उर्जाला, कांजिण्या आल्या. त्या बऱ्या होतात तोवर सुमितच्या कंपनीत गिअरबॉक्सची चाचणी फसली आणि त्याची रजा रद्द झाली. त्यानंतर राजाभाऊंच्या पत्नीचा, लताबाईंचा, उजवा गुडघा सुजला. असं करत करत पॅरिस गेलं आणि उरलं स्ट्रासबुर्ग. घरापासून दोन तासांवर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तेही तीन ऑक्टोबरच्या सुट्टीला, कारण शुक्रवारी परतीचं विमान होतं.

"फ्रान्स तो फ्रान्सच बाबा," सुमित म्हणाला. "ऱ्हाईनवरचा पूल ओलांडला की झालं."

पण सांगलीत कॉलनीच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा दिवाळी अंक कुणासाठी थांबत नव्हता. संपादक श्यामकांत हे राजाभाऊंचे जुने सहकारी आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच्या सिंगापूर सहलीवर अकरा पानं छापली होती. राजाभाऊंची उभी हयात सरकारी नोकरीत गेली होती आणि कामाआधी काम पूर्ण झाल्याचा अहवाल तयार ठेवायचा त्यांना चांगला सराव होता. त्यांनी माहितीपुस्तकं जमवली, सूनबाईंच्या टेबलाशी बसून लेख लिहिला आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवून दिला. सहल आखडत गेली तसा त्यांनी तो तीनदा बदलला होता. आयफेल टॉवर खोडताना त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

तीन तारखेला सकाळपासून पाऊस होता. गाडी आउटोबानला, तिथल्या महामार्गाला, लागली आणि राजाभाऊंच्या फोनवर छापील पानांचे फोटो येऊन पडले. चष्मा बॅगेत होता, म्हणून त्यांनी मोठ्या उत्साहात फोन सुनेकडे, सुकन्याकडे दिला. घरात लेखाचा पत्ता कुणालाच नव्हता.

"'कॅथीड्रलच्या तीनशे तीस पायऱ्या चढताना आमच्या सौभाग्यवतींना गुडघेदुखीचा पूर्ण विसर पडला,'" सुकन्या वाचू लागली. "'माथ्यावर कोवळं ऊन पसरलं होतं. माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, अहो, जन्माचं सार्थक झालं!'" ती थांबली. "पण बाबा, आपण तर आत्ता निघालोय."



"मी असं कधी म्हणाले?" लताबाईंनी विचारलं.

"आज म्हणशील की. साधारण बाराच्या सुमारास."

"आणि नाही म्हणाले तर?"

"छापून आलंय, लता."

"बाबा, आईला जिना चढायला डॉक्टरनी बंदी केलीय," सुमित म्हणाला.

"सावकाश चढू. मध्ये मध्ये बसू. पण चढायला हवं. दीडशे प्रती वाटल्या गेल्यात."

लताबाई यावर काही बोलल्या नाहीत. चाळीस वर्षांच्या संसारात त्या अशा गप्प बसल्या की राजाभाऊ त्याला संमती समजत आले होते.

केल हे नदीकाठचं शेवटचं जर्मन गाव. तिथे पेट्रोल भरून झाल्यावर सुमितने मागे वळून सांगितलं, "बाबा, पासपोर्ट हाताशी ठेवा. दोन वर्षांपासून पुलावर फ्रेंच पोलीस असतात."

परदेशात पासपोर्ट चोरीला जाऊ नयेत म्हणून लताबाईंनी राजाभाऊंच्या बंडीला आतून चोरखिसा शिवला होता. दोघांचे पासपोर्ट त्यातच असत. राजाभाऊंनी छाती चाचपली. मग पोट चाचपलं. मग पुन्हा छाती.

"बंडी बदलली मी सकाळी," ते म्हणाले.

"मग ती कुठेय?"

"बाथरूमच्या दारामागे. खुंटीला."

लताबाईंनी मांडीवरची पर्स जरा जवळ ओढली आणि त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"परत जाऊन आणायचे म्हटलं तर चार तास," सुमित म्हणाला. "शिवाय मागे श्टाउ लागलाय, दहा किलोमीटरचा ट्रॅफिक जॅम."

"पण व्हिसा आहे ना रे आपल्याकडे?"

"आहे ना, बाथरूममध्ये आहे. इथे पोलिसांना काय दाखवू, दिवाळी अंक?"

"मग तुम्ही तिघं जाऊन या. आम्ही इथं बसतो."

"असं कसं बाबा?" सुकन्या म्हणाली. म्हणजे आता कुणीच जाणार नव्हतं.

जर्मनीची राष्ट्रीय सुट्टी असल्यामुळे केलमध्ये सगळं बंद होतं. लेखात फ्रेंच कॅफे होता, तिथली वाफाळती कॉफी होती. इथे नदीकाठच्या बागेत एका छपराखालचं ओलं बाक होतं आणि सुकन्याने आणलेल्या मेथीच्या दशम्या होत्या. पलीकडच्या काठावर एक माणूस लाल छत्री घेऊन चालला होता. तो फ्रेंच होता, निदान फ्रान्समध्ये तरी होता. राजाभाऊ दशमी हातात धरून त्याच्याकडे बघत बसले.

पादचाऱ्यांसाठी वेगळा पूल होता. राजाभाऊ उठले आणि कुणाला न सांगता त्यावरून चालू लागले. अर्धा पूल झाला आणि पलीकडच्या टोकाला दोन गणवेश दिसले. राजाभाऊ थांबले. सदतीस वर्षांच्या नोकरीत ते कागदाशिवाय एक पाऊल पुढे गेले नव्हते. ते परत आले.

बागेत एक उंच लाकडी मनोरा होता. वरून स्ट्रासबुर्गचं कॅथीड्रल दिसतं, असं फलकावर लिहिलं होतं. राजाभाऊंना पुन्हा धीर आला. लताबाईंना छपराखाली बसवून ते नातीबरोबर दोनशे पायऱ्या चढून गेले. वर नुसतं धुकं होतं.

"उर्जा, तिकडे ते चर्च दिसतंय ना?"

"नाइन," उर्जाने नकारार्थी मान हलवली.

"नीट बघ बाळा."

"आजोबा, दा इस्ट निख्ट्स," उर्जा म्हणाली. मग जरा विचार करून तिने आजोबांचा हात धरला. "मिर इस्ट काल्ट."

काही दिसत नाही आणि थंडी वाजते, एवढं जर्मन राजाभाऊंना तीन महिन्यांत समजू लागलं होतं. त्यांनी तिला स्वतःचा मफलर गुंडाळला. त्यांना एकाहत्तरावं वर्ष चालू होतं. आपण पुन्हा इकडे येणार नाही, हे ते जाणून होते आणि लताही येणार नव्हती. एवढ्या लांब येऊन एका नदीपाशी राहून गेलं. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. लेखाची त्यांना तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही.

पाचला सगळे घरी पोचले. राजाभाऊ बूट न काढता बाथरूमकडे धावले आणि तितक्याच वेगाने बाहेर आले.

"खुंटीवर बंडी नाही!"

"ती सकाळी कपड्यांच्या ढिगाबरोबर मशीनमध्ये गेली असणार," सुकन्या म्हणाली आणि मशीनकडे धावली. "साठ डिग्रीवर."

मशीन उघडलं. बंडी स्वच्छ निघाली होती, चोरखिसा रिकामा होता. शुक्रवारी विमान होतं. सुमितने ड्रम टॉर्च लावून तपासला. सुकन्याने कागदाचा डबा उलटा केला, मग प्लास्टिक कचऱ्याची पिवळी पिशवी, मग ओला कचरा. राजाभाऊ तिच्यामागे उभे राहून "अरे देवा, अरे देवा" एवढंच म्हणत होते.

लताबाई सोफ्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी पर्स उघडली आणि दोन्ही पासपोर्ट टीपॉयवर ठेवले.

"सकाळी बंडी धुवायला दिली तेव्हाच काढून घेतले होते."

"म्हणजे दिवसभर तुझ्याजवळ?" राजाभाऊंनी पासपोर्ट उचलले. "अगं, मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? माझं बोलणं तुम्ही आधीच छापून घेतलंय ना."

सुमित आणि सुकन्या कचरा भरायला लागले. राजाभाऊ खुर्चीत टेकले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. श्यामकांत होते आणि घाईत राजाभाऊंकडून स्पीकर चालू झाला.

"राजाभाऊ, लेख गाजतोय बरं का! वहिनींचं ते वाक्य वाचून आमच्या मनोरमाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगा, वहिनी तसं म्हणाल्या? की आपलं लिहायचं म्हणून…"

 राजाभाऊंनी लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"हो भाऊजी, मीच म्हणाले. तीनशे तीस पायऱ्या, हो. गुडघ्याची आठवणसुद्धा झाली नाही. ऊन ना? होतं की. चांगलं कोवळं होतं."

फोन बंद झाला. राजाभाऊ मान खाली घालून बसले होते.

"लता, चुकलंच माझं," ते पुटपुटले.

"ते राहू द्या," लताबाई म्हणाल्या. "आधी तेल गरम करून आणा. तीनशे तीस पायऱ्या चढून आलेय मी."

राजाभाऊ उठून स्वयंपाकघरात गेले.