घड्याळासाठी म्हैस विकायला काढली

माझी बायको साळू वारली, ते मला वेशीवर कळलं. मी तासगावचा बाजार करून येत होतो. आमच्या गल्लीतला केरबा आडवा आला आणि म्हणाला, "ज्ञानू, पिशवी हिकडं दे गड्या." तेवढ्यावरून मी समजलो. केरबाने जन्मात कधी कोणाची पिशवी धरली नव्हती.

घरी रडारड असेल असं वाटलं होतं. होतं ते भांडण! सोप्यात जोशीबुवा पंचांग उघडून बसले होते. त्या दिवशी दुपारी नक्षत्र बदलत होतं. बदलायच्या आधी गेली असेल तर बाधा नाही. नंतर गेली असेल तर घराला तीन महिने कुलूप! म्हणून सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: नेमकी किती वाजता गेली?

शेजारच्या राहीकाकी तिच्या उशाशी होत्या. त्या म्हणाल्या, "गुरं पान्यावर निघाली तवा."

"गुरं रोज केव्हा निघतात?" जोशीबुवांनी विचारलं.

"गुराखी उठंल तवा!"

मग माझा मेव्हणा पुढं झाला. साळूचा धाकटा भाऊ, लालासाहेब. साताऱ्याला वकिलाकडे कारकून. बहीण आजारी म्हणून येऊन राहिला होता. पण बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं नसेल एवढं त्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं होतं. मनगटावर घड्याळ होतं ना!

"दोन वाजून दहा मिनिटं," तो कोर्टात साक्ष द्यावी तसा म्हणाला.

"नवे का जुने?" जोशीबुवा.

तिकडं जर्मनची लढाई चालू होती. सरकारने देशातली घड्याळं एक तास पुढं ढकलली होती. कचेऱ्या आणि रेल्वे नव्या वेळेवर चालायच्या, आमचे कोंबडे जुन्या. लालासाहेबाचं तोंड उतरलं. गावाला आल्यावर काटा मागं घेतला की नाही, हेच त्याला आठवेना! एवढं चकचकीत घड्याळ, पण कोंबड्याइतकाही उपयोग नाही.

शेवटी जोशीबुवांनी तोड काढली. घर उघडं ठेवा, दक्षिणा दुप्पट द्या. ग्रहांनाही व्यवहार कळतो म्हणायचा!

मी म्हणालो, "माझ्या घरात घड्याळ असतं तर हा तमाशा झाला नसता."

"दाजी," लालासाहेब म्हणाला, "तुम्हाला घड्याळ बघता तरी येतं का?"

बहीण अजून घरातच निजवलेली होती आणि हा माणूस माझी परीक्षा घेत होता! माझं डोकं फिरलं. सगळ्या गावासमोर मी म्हणालो, "सोन्याचं घेतो! ह्या घरात पुन्यांदा कोन गेलं तर मिनिटासकट सांगीन!"

घरात आता मी आणि भुरी म्हैस एवढीच दोघं उरलो होतो, हे बोलून गेल्यावर लक्षात आलं.

पण गावासमोर बोललो ते बोललो. दिवसकार्य उरकल्यावर मी सांगलीला गेलो. पेठेत धन्यकुमारांचं घड्याळांचं दुकान होतं. त्यांनी मखमलीच्या डबीतून सोन्याचं घड्याळ काढलं.

"स्विस माल आहे. पंधरा माणकं आहेत ह्यात."

"दिसत न्हाईत ती?"

"आत असतात. यंत्रात."

"मग ती हायत हे कुणी बघितलं?"

"कंपनीनं!"

म्हणजे माणकं कंपनीने बघायची आणि पैसे मी द्यायचे. किंमत साडेतीनशे रुपये. तेवढ्या पैशांत आमच्याकडे एक लग्न होतं, वाजंत्र्यांसकट! मी घड्याळ कानाला लावलं. वाशाला भुंगा लागल्यावर येतो तसा बारीक आवाज येत होता.

"एकरकमी जमत नसेल तर हप्त्यानं न्या," धन्यकुमार म्हणाले.

"असं? मग द्या बांधून."

"तसं नव्हे हो! शेवटचा हप्ता होईतोवर घड्याळ दुकानातच राहणार. तुम्ही हप्ता भरायला आलात की घटकाभर मनगटावर बांधून बसा. चहा आमच्याकडून."

म्हणजे गावात कोणी मेलं तर मी आधी मोटारीने सांगलीला जायचं, चहा प्यायचा, वेळ बघायची आणि रडायला परत यायचं! मी उठलो.

गावात भिशी होती. भिशीवाल्यांनी विचारलं, "कशाला पायजेत?" मी सांगितलं. ते म्हणाले, बैलाला देऊ, विहिरीला देऊ, पोरीच्या लग्नाला देऊ. घड्याळाला भिशी उठत नाही. लालासाहेबाने साताऱ्याहून निरोप धाडला, जमीन गहाण टाका, कागद मी करून देतो. त्याचं स्वतःचं घड्याळ त्याला हुंड्यात मिळालेलं. हुंड्यात घड्याळ मिळालेल्या माणसाने दुसऱ्याला पैसे उभे करायला शिकवू नये. साळूचं सोनं म्हणाल तर ते तिच्याच औषधात गेलं होतं.

उरली भुरी. दोनशेच्या वर आली असती. वरची भर गूळ विकून आलेल्या पट्टीतून घातली असती. मी भुरी विकायला काढली.

इथे एक अडचण होती. ती सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

भुरीचं रेडकू जगलं नव्हतं. साळूशिवाय ती कोणाला धार देत नसे. साळू गेली आणि म्हशीची कास दगडासारखी झाली. रात्रंदिवस ओरडायची. राहीकाकी धारेला बसून बघायला गेल्या. भुरीने त्यांची चरवी आढ्याला पोचवली. केरबा बसला. तो पुढं आठवडाभर लंगडत होता आणि विचारणाऱ्याला आपण विहिरीत उतरताना घसरलो म्हणून सांगत होता.

शेवटी मी साळूचं जुनं हिरवं लुगडं काढलं, अंगाला गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला आणि चरवी घेऊन बसलो. भुरीने मान वळवली, पदर हुंगला, मोठा सुस्कारा टाकला आणि पान्हा सोडला! लोक म्हणतात जनावराला फार अक्कल असते. दिवसकार्यात उतरवून नुकत्याच पुन्हा उगवलेल्या माझ्या मिशा तिला दिसल्या नाहीत.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोठ्याचं दार लोटून मी लुगडं नेसत होतो. माझी थोरली बहीण मनुआक्का पलीकडच्या गल्लीत दिलेली. तिने साळूचे सगळे कपडे वाटून टाकले होते. हे एक मी वैरणीत दडवलं होतं.

पण दाराला फट होती आणि गावाला डोळे होते. ज्ञानूच्या गोठ्यात हिरव्या लुगड्याची बाई दिसते! पाणवठ्यावर बाईचं गाव ठरलं, म्हसवड. मग तिला नवऱ्याने टाकलेली आहे हे ठरलं. मग कितवा महिना चालू आहे तेही ठरलं. ह्या गावात विहिरीचा गाळ काढायचं तीन वर्षं ठरत नव्हतं! मला ह्यातलं काहीच कळलं नाही. ज्याच्याबद्दल बोलतात त्याला सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

अशात एक दिवस अंकलीहून बाळगोंडा पाटील म्हैस बघायला आले. बरोबर त्यांच्या घरातल्या चंदनबालाबाई होत्या. त्यांनी भुरीची शिंगं बघितली, दात बघितले, कास चाचपली.

"झ्याक हाय," बाळगोंडा म्हणाले. "काढा बघू धार."

धार डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुभती म्हैस कोणी घेत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. घड्याळाच्या नादात विसरलो! तसाच धोतरावर बसलो. भुरीने वळून माझ्याकडे फुकट्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं आणि लाथ झाडली. चरवी गव्हाणीत!

"पाव्हनं, भाकड म्हस गळ्यात बांधताय व्हय?"

"न्हाई वो! तुमी जरा भाईर थांबा. धार दुसरं मानूस काढतं."

"कोन?"

"हाय एक."

"बाईमानूस?"

"तसंच म्हना."

परड्याच्या कुडाआड राहीकाकी गोवऱ्या लावत होत्या. त्यांच्या हातातली गोवरी गळून पडली. गाव इतके दिवस ज्याची वाट बघत होतं, ते माझ्या तोंडूनच निघालं होतं! त्या पदर खोचून पळाल्या. मला नवल वाटलं, एरवी त्यांचे गुडघे दुखतात.

मी दार लोटलं, लुगडं नेसलो आणि बसलो. भुरीने पान्हा सोडला. चरवीत फेस चढायला लागला आणि बाहेर कालवा उठला.

"भाईर काढ तिला!" मनुआक्काचा आवाज.

"कुनाला?" मी आतून.

"तुझ्या म्हसवडवालीला! साळूला जाऊन वरीस न्हाई झालं रं मुडद्या!"

"दाजी, दार उघडा! नोटीस देईन!" हा लालासाहेब. आक्काने त्याला आधीच निरोप धाडून मुद्दाम बोलावून घेतलं होतं आणि तो त्याच दुपारच्या मोटारीने उतरला होता. बहिणीच्या आजारात औषधाची बाटली आणायला त्याला दोन दिवस लागले होते!

"धार चाललीया, गप बसा!" मी ओरडलो.

दाराला लाथ बसली. दार पडलं. दाराकडे माझी पाठ, डोक्यावर पदर. मला उठता येईना, धार मध्येच तोडली तर भुरी दूध वर चढवून घेते. आक्का आली आणि माझ्या पाठीत दणका घातला.

"सटवे! कुनाच्या लुगड्यात बसलीयास?"

"आक्का, मी हाय," मी म्हणालो आणि तोंड वळवलं.

माझ्या मिशा बघून ती इतकी मागं सरली की लालासाहेबाच्या पायावर पडली. कुडाबाहेर सगळी गल्ली उभी होती. पहिल्यांदा राहीकाकी हसल्या. मग गल्ली हसली. केरबा तर कुडाच्या खांबाला धरून हसला. लालासाहेबाला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने घड्याळात बघितलं!

फक्त चंदनबालाबाई चरवीकडे बघत होत्या.

"आवं, केवढं दूध!"

"घेतली!" बाळगोंडा म्हणाले. "सव्वादोनशे!" आणि कनवटीला हात घातला.

माझ्या डोळ्यांसमोर मखमलीची डबी आली. लाजेची लाज गेली होती, आता निदान घड्याळ तरी! मी हात पुढं केला.

"दावं तुमचं तुमाला ऱ्हाऊ द्या," चंदनबालाबाई म्हणाल्या, "रीत हाय ती. पर लुगडं द्या."

"लुगडं कशाला?"

"त्याबिगार धार देती का ती? मी बघितलं की आता!"

"तासगावातनं नवं देतो घेऊन. रेशीमकाठी."

"नव्याचा काय उपेग? वास हाच पायजे."

"लुगड्याचं पंचवीस वेगळं देतो," बाळगोंडा म्हणाले.

"दाजी, द्या की!" लालासाहेब मध्ये पडला. "चिंधी झालीय त्याची! पंचवीस रुपये! सोन्याचं घड्याळ आलंच म्हणून समजा!"

त्याच्या बहिणीचं लुगडं. त्याने दोन बोटांनी काठ धरून किती विरला आहे ते पाटलांना दाखवलं. मी काठ ओढून घेतला.

"म्हस इकायची न्हाई," मी म्हणालो.

"का?"

"दूध लय देती."

"आवं म्हनूनच घेतोय की!"

"म्हनूनच न्हाई."

बाळगोंडांनी पैसे परत कनवटीला लावले. "अशी मानसं असत्यात हे आदुगर म्हाईत असतं तर मोटारीचं भाडं वाचलं असतं," असं म्हणून ते गेले. चंदनबालाबाई वळून वळून चरवी बघत होत्या. लालासाहेबही गेला. ही गोष्ट त्याने साताऱ्यात कोर्टाच्या आवारात कितीजणांना सांगितली, ते त्यालाच माहीत.

गर्दी हटल्यावर आक्का एकटी उरली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "निरी नीट काढता येत न्हाई तुला," आणि गेली.

आता मी गोठ्याचं दार लावत नाही. पडलेलं दार अजून बसवलेलंही नाही. धार काढताना कोणी आलं तर बसा म्हणतो. धन्यकुमारांचा निरोप आला होता, घड्याळ अजून आहे, पण लढाईमुळे भाव चढलाय. चढू दे!

आक्का आली की नाकाला पदर लावते. म्हणते, "वास मारतोय ज्ञानू, एकदा धू तरी त्ये!" तिचं खरं आहे. त्याला शेणाचा आणि माझ्या घामाचा वास येतो. भुरीला त्यात अजून तिसरा एक वास लागतो. मला तो आता लागत नाही.

घड्याळ घेतलेलं नाही. लुगडं धुवायचं राहिलं आहे.