मानेचं दुखणं

बायकोला ‘हो’ आणि आईला ‘छे छे’ म्हणून झाल्यावर दादाच्या लक्षात आलं, की आता दोघींपैकी एकीची तरी फसवणूक नक्की आहे. बायकोला दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा मिळाली होती. पुढच्या महिन्यात शाळा उघडणार होती आणि राहायला घरही मिळणार होतं. “येणार ना तू?” तिनं विचारलं, तेव्हा तो ‘हो’ म्हणाला होता. तासाभरानं आईनं विचारलं, “तुम्ही जाणार म्हणे? खरं का?” तेव्हा तो ‘छे छे’ म्हणाला होता. दोन्ही वेळा त्याचा आवाज अगदी प्रामाणिक होता.

दादा घरातला थोरला. धाकटा भाऊ केव्हाच लांब कुठंतरी सुखानं नांदत होता आणि सणसमारंभाची आठवण झाल्यासारखा अधूनमधून फोन करायचा. थोरल्याला मात्र आईसकट सगळे दादाच म्हणायचे. लहानपणी ‘तू मोठा ना, समजून घे’ हे वाक्य त्याच्या गळ्यात जे बांधलं गेलं, ते पन्नाशी जवळ आली तरी कुणी सोडवलं नव्हतं. पेशानं तो दातांच्या कवळ्या बनवायचा. दिवसभर परक्यांसाठी दात जुळवायचा आणि स्वतः चार शब्द बोलायची वेळ आली, की त्याची दातखीळ बसायची.

तरी त्याच्याकडे एक हुकमी शब्द होता. ‘बघू.’ नाही म्हणायचं असलं, की तो ‘बघू’ म्हणायचा. समोरचा त्याचा अर्थ ‘हो’ असा घ्यायचा आणि मग दादा निमूटपणे ते काम करून मोकळा व्हायचा.

“तू कुणाला तरी भेट,” बायको शेवटी कातावून म्हणाली. “घरच्यांपुढे ज्यांची वाचा बसते, त्यांच्यासाठी थेरपी असते. मी वेळ घेतलीय. जायचंस.”

बाहेर पडताना आईनं हटकलं. “कुठं निघालास?”

“थेरपीला.”

“कसली थेरपी? काय झालं तुला?”

दादाचा हात आपोआप मानेकडे गेला. “मान,” तो म्हणाला. “हलत नाही.”

हे तसं खोटं नव्हतं. वरखाली ती उत्तम हलायची. आडवी हलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

थेरपीच्या मॅडमची खोली लहानशी होती. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर डोळे पुसायचे कागद. मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं.

“‘बघू’ म्हणजे नक्की काय?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे नाही.”

“हे आईंना माहीत आहे?”

“नाही.”

“बायकोला?”

“तिला माहीत आहे. म्हणून तर ती चिडते.”

मॅडमनी आठवडाभराचा अभ्यास दिला. ‘बघू’ हा शब्द पूर्ण बंद. शिवाय रोज आरशासमोर उभं राहून मान डावीउजवीकडे हलवायची आणि ‘नाही’ म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी आईनं त्याला आरशापुढे मान हलवताना पाहिलं. “अगंबाई, वळायला लागली की मान,” ती खूश होऊन म्हणाली. “गुण दिसतोय तुझ्या मॅडमच्या हाताला. मग माझे गुडघे दाखव ना त्यांना.”

इथं दादानं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. एरवी तो ‘बघू’ म्हणाला असता आणि निदान चार दिवस निभले असते. पण ‘बघू’ बंद होता. ‘नाही’ अजून आरशाच्या बाहेर आला नव्हता. मग उरला एकच शब्द.

“हो,” दादा म्हणाला.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची मावशी कंबर धरत वर आली. “ताईला नेतोयस म्हणे. मग माझी कंबर काय पाप करून आलीय?”

“चल ना तूही,” दादा म्हणाला आणि आत जाऊन आरशाकडे रागानं बघत बसला.

ठरलेल्या दिवशी मॅडमनी दार उघडलं, तर दादाच्या आधी आई आत शिरली. दादाच्या खुर्चीवर बसून तिनं पाय पुढे केला. “हा उजवा जास्त. जिना चढताना जीव जातो नुसता.”

मॅडमनी दादाकडे पाहिलं. “दादा, तुम्हाला आईंना काही सांगायचंय का?”

दादानं तोंड उघडलं. “बघू,” तो म्हणाला.

आता मॅडमची पंचाईत झाली. पेशंटचं गुपित त्यांना फोडता येईना आणि गुडघा तर समोरून हलेना. “आई, मी हात लावून तपासत नाही,” त्या म्हणाल्या. “मी बोलूनच बघते.”

“बोलून गुडघे बरे होतात? मग तर उत्तमच,” आई म्हणाली. “दादा, दार लावून घे जाताना.”

दादानं दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर तो आणि मावशी बसून राहिले. आतून आधी आईचा आवाज आला, मग कागद ओढल्याचा, मग पुन्हा आईचाच.

“एका गुडघ्याला एवढा वेळ?” मावशी करवादली.

“दोन आहेत मावशी,” दादा म्हणाला.

आई बाहेर आली ती लाल नाकानं, पण कठड्याला हातही न लावता जिना उतरली. मावशीचा आणि दादाचा नंबर लागलाच नाही.

“सांगितलंस का आईंना?” घरी बायकोनं विचारलं.

“आज आईचा नंबर लागला.”

“तुझ्या थेरपीला आई बसल्या?”

“मावशीपण आली होती.”

बायको स्टूल घेऊन आली. मग तिनं माळ्यावरून रिकामी खोकी काढली. “मी जाणार आहे,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता आणि त्यामुळंच दादा घाबरला. “तुझे कपडे खोक्यात भरायचे की कपाटात ठेवायचे, तेवढं रविवारपर्यंत सांग. ‘बघू’ म्हणालास, तर कपाटात.”

रविवारी सकाळी दादा आईसमोर बसला. चहा निवून गेला. बायको आपल्याला सोडून खरंच जाईल ही एक भीती होती, आणि आईच्या डोळ्यांत पाणी आलं तर काय, ही दुसरी.

“आई,” तो एका दमात म्हणाला, “आम्ही जाणार आहोत. मीसुद्धा. मी इथं राहणार नाही.”

शेवटच्या शब्दाला मान आडवी हलली. चांगली दोनदा.

आईनं कप खाली ठेवला. “नक्की ना?”

“नक्की.”

“मागं फिरणार नाहीस?”

“नाही.”

“सुटले बाई,” आई म्हणाली.

दादाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“मॅडमनी विचारलं, कधीपासून दुखतंय,” आई सांगू लागली. “म्हटलं, पहाटे उठून ओट्याशी उभी राहते तेव्हापासून. दादाचा डबा असतो ना. सूनबाई म्हणते मी करते, पण थोरल्या मुलाचं आईनंच करायचं, असं माझ्या सासूबाईंनी मला सांगून ठेवलेलं. अरे, मला एकदा उशिरापर्यंत लोळायचंय. एकटीनं. पण पोटच्या पोराला जा कसं म्हणायचं? तुला वाईट वाटलं असतं.”

“मग तू मला विचारलंस ते, जाणार म्हणे, खरं का…”

“आशेनं विचारलं. तू छे छे म्हणालास, तेव्हापासून तर गुडघे जास्तच धरले.” आई उठली, गुडघे न धरता. “तुमच्या खोलीत मावशी शिवणाचं मशीन ठेवणार आहे. परवा खोकी दिसली, तशी माप घेऊन गेली.”

गळ्यातलं ओझं उतरलं होतं. दादाला हलकं वाटायला हवं होतं, पण भलतंच हिरमुसल्यासारखं झालं. एवढी वर्षं जिच्यासाठी अडकलो, ती आपल्यामुळं अडकली होती, हे त्याला काही केल्या गिळवेना.

“मी दर रविवारी येत जाईन,” तो म्हणाला. “सकाळीच. जेवायलाच येईन.”

आईनं त्याच्या डोक्यावरून मायेनं हात फिरवला.

“बघू,” ती म्हणाली.

या शब्दाचा अर्थ त्या घरात दादाइतका कुणालाच ठाऊक नव्हता. तो मान खाली घालून उठला आणि कपडे खोक्यात भर म्हणून सांगायला बायकोकडे गेला.